गुणसूत्राच्या टोकाशी गप्प होणारी जनुके

एखादे जनुक कामाला लागणार की नाही, हे केवळ त्याच्या रचनेवर ठरत नाही. ते गुणसूत्रावर कुठे बसले आहे, यावरही ठरते. पाव आणि बिअर यांसाठी हजारो वर्षे वापरात असलेल्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टमध्ये ही गोष्ट विलक्षण स्पष्टपणे दिसते. या यीस्टच्या एकगुणित पेशीत १६ गुणसूत्रे, म्हणजे ३२ टोके असतात. गुणसूत्राच्या मधल्या भागात नेहमी चालू असणारे एखादे जनुक उचलून टोकाजवळ बसवले, तर त्याच्या क्रमातले एकही अक्षर न बदलता ते पुष्कळ पेशींमध्ये बंद पडते. काही पेशींमध्ये मात्र ते चालूच राहते. या घटनेला टेलोमिअरचा स्थान-परिणाम म्हणतात.

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राचे अगदी शेवटचे टोक. यीस्टमध्ये ते सुमारे ३०० बेस-जोड्यांचे असते आणि त्यात एका बाजूला टी व जी ही दोनच अक्षरे काहीशा अनियमितपणे पुन्हा पुन्हा येतात. इथे एकही जनुक नसते. या पट्ट्याचे पहिले काम संरक्षणाचे: तुटलेला डीएनए आणि गुणसूत्राचा नैसर्गिक शेवट यांत पेशीची गफलत होऊ नये, यासाठी तो असतो. शेजारच्या जनुकांना गप्प करणे हे त्याचे दुसरे काम, आणि ते उमगायला बराच काळ जावा लागला.

स्थानामुळे जनुक बंद पडते ही कल्पना मात्र यीस्टच्या अभ्यासातून आलेली नाही. हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरणांचा मारा केला, तेव्हा त्यांना काही माश्यांचे डोळे लाल-पांढरे, चट्ट्याचट्ट्यांचे आढळले. १९३० साली त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे उलगडा झाला तो असा: क्ष-किरणांनी गुणसूत्र तुटून पुन्हा जोडले जाताना डोळ्याला लाल रंग देणारे जनुक गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी जाऊन पडले होते. जनुक शाबूत होते, शेजार बदलला होता. ‘टेलोमिअर’ हे नाव १९३८ साली याच मुलर यांनी दिले, पण या दोन गोष्टींची गाठ पडायला आणखी पन्नासेक वर्षे लागली.

ती गाठ पडली १९९० साली. डॅनियल गॉटश्लिंग, ऑस्कर अपॅरिसिओ, बार्बरा बिलिंग्टन आणि व्हर्जिनिया झॅकियन यांनी यीस्टच्या सातव्या गुणसूत्राच्या डाव्या टोकाचा काही भाग काढून टाकला, तिथे नवे टेलोमिअर तयार होऊ दिले आणि त्याला लागून आपल्या पसंतीची जनुके बसवली. जनुकांची निवड चतुर होती. एड-२ हे जनुक ॲडेनिन तयार करण्याच्या साखळीतल्या एका पायरीचे. ते बंद असले की साखळी मध्येच अडते, अडलेला पदार्थ पेशीत साचतो आणि त्यापासून लाल रंगद्रव्य बनते. त्यामुळे जनुक चालू असेल तर वसाहत पांढरी आणि बंद असेल तर लाल. टोकाजवळ एड-२ बसवलेल्या यीस्टच्या वसाहती यातल्या कोणत्याच एका रंगाच्या निघाल्या नाहीत. लाल वसाहतीत पांढऱ्या फाका, पांढऱ्या वसाहतीत लाल फाका असे चित्र दिसले. वसाहत एकाच पेशीपासून वाढते आणि तिच्यातल्या सगळ्या पेशींचा डीएनए सारखाच असतो. तरीही त्या दोन तऱ्हांनी वागत होत्या.

दुसरे जनुक युरा-३. ते चालू असेल तर पेशी युरॅसिल नसलेल्या माध्यमातही वाढते. पण हेच चालू जनुक फ्लुओरो-ओरोटिक आम्ल या रसायनाचे रूपांतर विषात करते आणि पेशी मरते. या रसायनाला प्रयोगशाळेत थोडक्यात एफओए म्हणतात. म्हणजे एका थाळीत जनुक चालू असलेल्या पेशी जगतात, दुसरीत बंद असलेल्या. गुणसूत्राच्या मधोमध युरा-३ असलेल्या पेशी एफओएच्या थाळीत जवळपास सगळ्या मरतात. लाखो पेशींमध्ये एखादी उत्परिवर्तन झालेली वाचते, एवढेच. युरा-३ टोकाजवळ असलेल्या पेशींपैकी मात्र मोठा हिस्सा जगला. या जगलेल्या पेशी पुन्हा युरॅसिल नसलेल्या थाळीत नेल्या, तर तिथेही त्या वाढल्या. जनुकात उत्परिवर्तन झाले असते तर हे घडले नसते. जनुक बंद झाले होते, पण मोडले नव्हते. ते परत चालू होऊ शकत होते.

वसाहतीतल्या फाकांमधून आणखी एक गोष्ट कळते. जनुक दर मिनिटाला चालू-बंद होत असते, तर वसाहत सरसकट फिकट गुलाबी दिसली असती. स्पष्ट कडा असलेली लाल फाक दिसते, कारण एका पेशीत जनुक बंद झाले की तिच्या लेकींमध्ये, नातींमध्ये आणि पुढच्या कित्येक पिढ्यांमध्ये ते बंदच राहते. मग कधीतरी एखाद्या पेशीत उलटते आणि तिथून नवी फाक सुरू होते. डीएनएच्या क्रमात काहीही न बदलता एखादी स्थिती पिढीजात चालत राहण्याला अधिजनुकीय वारसा म्हणतात. या विषयावर पुढे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. तरी त्याचे इतके स्वस्त आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे प्रात्यक्षिक दुसरे क्वचितच सापडेल.

हे मौन कोण घडवते, याचे उत्तर निराळ्याच प्रश्नाच्या अभ्यासातून बरेचसे तयार होते. यीस्टला ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन लैंगिक प्रकार असतात. पेशीचा प्रकार तिसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या एका जागेवरील जनुकांनी ठरतो. पण त्याच गुणसूत्राच्या दोन्ही टोकांच्या बाजूला दोन्ही प्रकारच्या जनुकांच्या राखीव प्रती असतात आणि त्या कायम गप्प ठेवाव्या लागतात. त्या बोलू लागल्या तर पेशी एकाच वेळी दोन्ही प्रकारची होते आणि तिला संकर करता येत नाही. अशा बिघडलेल्या पेशी शोधून त्यांच्यात कोणते जनुक निकामी झाले आहे, हे पाहण्याचे काम १९७० च्या दशकाच्या अखेरीस अनेकांनी हाती घेतले. भारतात जन्मलेले अमर क्लार, तसेच सीमूर फोगेल आणि के. मॅक्लाउड यांनी १९७९ साली मार-१ नावाचे असे एक जनुक वर्णन केले. तेच पुढे सर-२ म्हणून ओळखले गेले. १९८७ मध्ये जॅस्पर राइन आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी सर-१ ते सर-४ या चार जनुकांचे चित्र एकत्र मांडले. टोकाजवळच्या मौनाचा शोध लागल्यावर पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, गॉटश्लिंग यांच्या गटाने तपासले तेव्हा यातली तीन जनुके, सर-२, सर-३ आणि सर-४, टेलोमिअरपाशीही लागतात असे दिसले. सर-१ ची तिथे गरज नव्हती.

या तिघांची कामे वेगळी आहेत. टेलोमिअरच्या पुनरावृत्त क्रमाला रॅप-१ हे प्रथिन थेट चिकटते. साधारण १८ बेस-जोड्यांमागे एक या हिशेबाने एका टोकावर त्याचे पंधरा-वीस रेणू बसतात. रॅप-१ चे शेपूट सर-३ आणि सर-४ यांना धरते. टोकावर आणखी एक जोडप्रथिन असते, केयू. तेही सर-४ ला बोलावते. सर-४ हा या संकुलाचा सांगाडा. सर-२ त्याच्याशी जोडीने येते. इथपर्यंत सगळे टोकावरच चाललेले असते, आणि तिथे गप्प करण्याजोगे जनुकच नाही. मौन शेजारी पोहोचायचे, तर या प्रथिनांना रॅप-१ नसलेल्या प्रदेशात पाय रोवावे लागतात.

त्या प्रदेशात डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो. अशा एका गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. हिस्टोनांची लवचीक शेपटे गोळ्याबाहेर डोकावतात आणि त्यांच्यावर लहान रासायनिक गट लावले-काढले जातात. सगळी गोष्ट फिरते ती एच-४ या हिस्टोनाच्या शेपटावरील सोळाव्या जागेच्या लायसिन या अमिनो आम्लाभोवती. चालू जनुकांच्या भागात या लायसिनवर ॲसिटिल गट असतो, आणि तो असला की सर-३ तिथे नीट बसत नाही. मायकेल ग्रन्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेने १९८८ मध्ये दाखवले होते की, एच-४ चे शेपूट कापले तर यीस्ट जगते, पण लैंगिक प्रकाराच्या राखीव प्रती बोलू लागतात. हिस्टोन म्हणजे डीएनए गुंडाळण्याचे निव्वळ रीळ, अशी तोवर अनेकांची समजूत होती. तिला बसलेला हा मोठा धक्का होता.

सर-२ काय करते ते कळायला २००० साल उजाडले. लिओनार्ड ग्वारेंटे यांच्या गटातील शिनइचिरो इमाई आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, सर-२ हे ॲसिटिल गट काढणारे विकर आहे आणि प्रत्येक गट काढताना ते एनएडी या सहविकराचा एक रेणू खर्ची घालते. आता साखळी जुळली. टोकावर आलेले सर-२ शेजारच्या न्यूक्लिओसोमवरचा ॲसिटिल गट उतरवते. मोकळ्या झालेल्या लायसिनला सर-३ धरते. सर-३ सोबत नवे सर-४ आणि नवे सर-२ येतात, आणि हे सर-२ त्यापुढच्या न्यूक्लिओसोमकडे वळते. विरजणाने दूध विरजत जावे, तसे मौन टोकाकडून आत सरकते; फरक इतकाच की भांड्यातले सगळे दूध दही होते, आणि इथे मात्र काही हजार बेस-जोड्यांवर गाडी अडते. या आच्छादनाखालचा डीएनए बाहेरच्या विकरांनाही सहज हाती लागत नाही, हे १९९२ मध्ये एका जिवाणूचे मिथिल गट लावणारे विकर यीस्टमध्ये घालून पडताळले गेले.

यातले सर-३ कुठून आले, हेही ऐकण्याजोगे आहे. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी या यीस्टच्या पूर्वजाचा सगळा जनुकसंच दुप्पट झाला. त्यात डीएनएची प्रत काढण्याची सुरुवात करणाऱ्या ऑर्क-१ या प्रथिनाच्या जनुकाच्याही दोन प्रती झाल्या. एकीने जुने काम सांभाळले, दुसरी बदलत बदलत सर-३ झाली. म्हणूनच हे प्रथिन माणसात किंवा माशीत नाही. दूरच्या नात्यातल्या, दुभागून वाढणाऱ्या शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे या यीस्टमध्येही ते नाही. तिथे टोके गप्प ठेवण्याचे काम एच-३ या हिस्टोनाच्या नवव्या लायसिनवरील मिथिल गट आणि त्याला धरणारी वेगळी प्रथिने करतात.

मौन किती आत जाते, हे मुख्यतः सर-३ च्या पुरवठ्यावर ठरते. सर्वसाधारण पेशीत कापलेल्या टोकापासून तीन-चार हजार बेस-जोड्यांपर्यंत त्याचा जोर असतो. सर-३ चे प्रमाण मुद्दाम वाढवले, तर तो सुमारे २० हजारांपर्यंत पोहोचतो, असे १९९३ मध्ये दिसून आले. उलट बाजूने अडथळेही आहेत. सास-२ हे विकर त्याच सोळाव्या लायसिनवर ॲसिटिल गट बसवत असते. त्याचे काम बंद पाडले, की सर-३ आत सरकते. २००२ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हे दाखवले. सर-२ आणि सास-२ यांच्या या खेचाखेचीत सीमा कुठे पडेल, हे पेशीगणिक थोडे बदलते. वसाहतीतल्या फाकांचे एक कारण तेच आहे. त्याखेरीज डॉट-१ हे विकर एच-३ च्या ७९ व्या लायसिनवर मिथिल गट लावते आणि तोही सर-३ ला दूर ठेवतो. डॉट-१ चा माणसातला भाऊबंद रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात महत्त्वाचा ठरतो, हे पुढे कळले. यीस्टच्या थाळीत सुरू झालेला शोध औषधांच्या चाचण्यांपर्यंत जाऊन भिडला तो याच वाटेने.

पेशीत टेलोमिअर विखुरलेले नसतात. ३२ टोके मिळून केंद्रकाच्या परिघाशी मोजक्याच पुंजक्यांत गोळा होतात, आणि सर प्रथिनेही तिथेच साठतात. केंद्रकाच्या आवरणाशी सर-४ आणि केयू त्यांना बांधून ठेवतात. याचा परिणाम दुहेरी होतो. पुंजक्यात सर प्रथिनांची घनता जास्त असल्याने तिथे मौन सहज टिकते, आणि उरलेल्या केंद्रकात ती कमी पडत असल्याने इतर जनुके नको तेव्हा बंद पडत नाहीत. गप्प करण्याची ताकद असलेले प्रथिन मोकाट सुटू नये, यासाठी ही व्यवस्था चांगलीच सोयीची आहे. १९९९ मध्ये मात्र असे आढळले की, डीएनएला इजा झाली की सर प्रथिनांतली काही टोके सोडून इजेच्या जागी जातात आणि त्या काळात टोकाजवळचे मौन सैल पडते.

आतापर्यंतचे चित्र पाठ्यपुस्तकात छान बसते. पण त्यातली एक अडचण दुर्लक्षून चालणार नाही. १९९० चे प्रयोग ज्या टोकांवर झाले, ती नैसर्गिक टोके नव्हती. मूळचा शेजार कापून टाकून ती तयार केलेली होती. यीस्टच्या खऱ्या टोकांना टेलोमिअरच्या आत एक्स नावाचा क्रम जवळपास सगळीकडे असतो, आणि बऱ्याच टोकांवर वाय-प्राइम नावाचा पाच ते सात हजार बेस-जोड्यांचा क्रमही असतो. १९९९ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या गटांनी दाखवले की, या क्रमांतले काही तुकडे मौनाला बळ देतात, तर काही त्याला अडवतात. त्यामुळे नैसर्गिक टोकावर मौन सलग पसरत नाही. ते ठिपक्यांसारखे पडते, मध्ये मोकळ्या जागा सोडत. एकाच पेशीतले एक टोक ठार गप्प असते आणि दुसरे बऱ्यापैकी बोलके. राइन यांच्याच प्रयोगशाळेने २०१५ मध्ये सगळ्या टोकांचा एकदम आढावा घेतला, तेव्हा सर प्रथिने मुख्यतः टेलोमिअरच्या पट्ट्यावर आणि एक्स क्रमापाशी साठलेली दिसली. टोकाजवळच्या जनुकांपैकी जेमतेम सहा टक्केच त्यांच्यामुळे गप्प होती. बाकीची बहुतेक जनुके बंद होती ती इतर कारणांनी. त्या वेळी त्यांची गरजच नव्हती.

एफओएच्या थाळीनेही काही वेळा फसवले. २०११ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले की, काही जनुके निकामी केल्यावर पेशीतले न्यूक्लिओटाइडांचे गणितच बदलते आणि ती पेशी एफओएला जास्त बळी पडते, मग युरा-३ चे मौन तुटलेले असो वा नसो. डॉट-१ नसलेल्या पेशींबाबत आधी काढलेले काही निष्कर्ष यामुळे मागे घ्यावे लागले. थाळीवर मोजली गेली ती मेलेल्या पेशींची संख्या. मौन किती तुटले, हे कळायला जनुकाचा आरएनए थेट मोजावा लागतो, आणि आता तसा मोजला जातो. मूळ शोध त्याने डळमळीत झाला नाही, कारण एड-२ च्या लाल-पांढऱ्या फाकांचा एफओएशी काहीच संबंध नाही. पण एखादी चाचणी वीस वर्षे सोयीची वाटली म्हणून तिच्यावर किती भार टाकावा, याचा हा नमुना जैवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग या मौनाचा यीस्टला उपयोग काय? टोकाजवळ कोणती जनुके राहतात, ते पाहिले तर थोडा अंदाज येतो. जगण्यासाठी अटळ अशी जनुके तिथे फारशी नसतात. असतात ती प्रसंगी लागणारी: माल्टोज साखर पचवणारी, एकमेकींना चिकटून पेशींचे गठ्ठे करणारी फ्लो कुळातली जनुके, आणि अशीच इतर. टोकाजवळ जनुकांच्या प्रती झपाट्याने वाढतात, बदलतात आणि गळून पडतात. त्यामुळे या कुळांना तिथे प्रयोगाला मोकळीक मिळते. फ्लो-१० सारखे जनुक काही पेशींत बंद आणि काहींत चालू असते. एकाच डीएनएच्या पेशींचे पृष्ठभाग त्यामुळे वेगवेगळे होतात. बाहेरची परिस्थिती अचानक पालटली, तर त्यातल्या काहींची तयारी आधीच झालेली असते.

रोगकारक सूक्ष्मजीवांनी ही युक्ती फार पुढे नेली आहे. कँडिडा ग्लाब्राटा हे यीस्ट माणसाच्या मूत्रमार्गात संसर्ग करते. यजमानाच्या पेशींना चिकटण्यासाठी त्याच्याकडे ईपीए नावाचे जनुककुळ आहे. त्यातली बरीचशी जनुके टोकाजवळ असून सर प्रथिनांमुळे बंद असतात. हे यीस्ट एनएडी बनवण्यासाठी निकोटिनिक आम्ल बाहेरून घेते. मूत्रमार्गात ते आम्ल कमी असते. एनएडी घटते, सर-२ मंदावते, आणि एरवी गप्प असलेले ईपीए-६ सारखे जनुक बोलू लागते. म्हणजे चिकटण्याची गरज नेमकी जिथे आहे, तिथेच त्या जनुकाचे कुलूप उघडते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे सर-२ चे एनएडीवरचे अवलंबित्व केवळ प्रयोगशाळेतले कुतूहल राहिले नाही.

त्याच वर्षी मलेरियाच्या प्लाझ्मोडियम फाल्सिपरम या परजीवीबाबतही असाच पुरावा पुढे आला. त्याच्याकडे व्हार नावाची सुमारे ६० जनुके आहेत आणि त्यांतली बरीच गुणसूत्रांच्या टोकांजवळ आहेत. एका वेळी त्यांतले एकच चालू असते. त्याचे प्रथिन संसर्गित तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येते. शरीराने ते ओळखेपर्यंत परजीवी दुसरे व्हार जनुक उघडतो. बाकीची बंद ठेवण्यात त्याच्या सर-२ चा हात असतो. हा परजीवी यीस्टचा जवळचा नातलग मुळीच नाही, तरी टोकाची जागा आणि सर-२ ही जोडी दोघांकडेही आहे.

माणसाच्या पेशींत हा परिणाम आहे की नाही, यावर बराच काळ वाद होता. २००१ मध्ये हेला या मानवी पेशींत प्रकाश देणारे एक जनुक टोकाजवळ बसवले गेले, तेव्हा ते इतरत्र बसवलेल्या त्याच जनुकाच्या तुलनेत सुमारे दहापटीने कमी बोलले. टेलोमिअर लांबवल्यावर आणखी कमी. माणसात वयाबरोबर टेलोमिअर आखूड होत जातात, त्यामुळे टोकांजवळची काही जनुके उतारवयात सैल पडत असावीत, अशी शक्यता त्यातून पुढे आली. चेहरा, खांदा आणि दंड यांचे स्नायू झिजवणाऱ्या एका आनुवंशिक आजारात चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळचे, एरवी प्रौढ स्नायूंत बंद असणारे डक्स-४ हे जनुक उघडते. त्या टोकाच्या टेलोमिअरची लांबी आणि डक्स-४ चे बोलणे यांचा संबंध या रुग्णांच्या स्नायूपेशींत तपासला गेला आहे, आणि टेलोमिअर आखूड झाल्यावर ते जनुक जास्त चालू झालेले आढळले आहे.